आईच्या काथवटीखालचं जेवण

काथवट धुवायची नसते. सारेमा बेटावर हे कुणी कुणाला शिकवत नाही, उघड्या दारात उभं राहून हात मिळवायचा नसतो हे जसं शिकवावं लागत नाही तसं. राय-धान्याचा काळा पाव भट्टीत गेला की लाकडी काथवट नुसती खरवडायची, कडेला चिकटलेलं पीठ गोळा करून तळाशी दाबायचं, वर मूठभर कोरडं पीठ न् चिमूटभर मीठ भुरभुरायचं, फडकं टाकायचं आणि पुढच्या शनिवारपर्यंत तिच्या वाटेला जायचं नाही. तळाशी दाबलेला तो गोळा म्हणजे विरजण. तो मागच्या पावाचा असतो, मागचा त्याच्या मागच्याचा. एर्नाचं विरजण तिच्या आईचं होतं, आईला तिच्या आईने दिलेलं, आणि त्याच्या मागे कुणी विचारायला गेलं नव्हतं.

शेजारणीने मागितलं तर विरजण द्यायचं, पण घेणारीने आभार मानायचे नाहीत. आभार मानले की ते रुसतं आणि पाव फुगत नाही. एर्नाचा यावर पास्टरच्या प्रवचनापेक्षा जास्त विश्वास होता.

आणि एर्नाच्या सत्तरीच्या आदल्या दिवशी सुनेने तिची काथवट धुतली.

केर्तु, म्हणजे मुलाची बायको, तार्तूसारख्या शहरात वाढलेली. पोर गुणी, पण रिकामं बसणं तिला ठाऊक नव्हतं. एर्ना आणि तिचा नवरा आर्वेद सकाळी रानात लाल फळं वेचायला गेले, तेवढ्यात केर्तुने घर चकाचक करून सासूला चकित करायचं ठरवलं. खिडक्या झाल्या, कपाटं झाली, मग नजर गेली कोपऱ्यातल्या त्या काळ्याकुट्ट, कडेला पिठाची खपली धरलेल्या लाकडाकडे. कढत पाणी, सोडा, खराट्याचा ब्रश. दुपारी एर्ना बादल्या घेऊन परतली, तेव्हा काथवट सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर उन्हात पांढरीफटक पडली होती.

"एर्ना, बघा तरी! किती काळी पडली होती. तासभर घासत होते मी!"

एर्नाने बादल्या खाली ठेवल्या. "छान झालीय," ती म्हणाली.

तिच्या बेटावर याहून मोठ्याने ओरडायची पद्धत नाही. मग ती गोठ्यात गेली, गाय विकून सहा वर्षं झाली होती तरी गोठ्यातच गेली, आणि दूध काढायच्या तिवईवर बसून लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली.

आर्वेदने संध्याकाळी सुनेला सगळं समजावलं, मग सून सासूपेक्षा जास्त रडली. दोघींच्या मधे सापडलेला तो बिचारा शेवटी म्हणाला, "अगं, पीठ आणि पाणी. पाच दिवसांत नवं विरजण तयार होतं."

"नवा नवराही होतो पाच दिवसांत," एर्ना म्हणाली. आर्वेदने त्यापुढे तो विषय काढला नाही.

वाढदिवस दुकानातल्या पावावर साजरा झाला. दुसऱ्या दिवसापासून एर्ना सायकल काढून गावभर फिरली. आयुष्यात पाच घरांना तिने आपलं विरजण दिलं होतं. एल्वी मागच्याच वर्षी देवाघरी गेली आणि तिच्या पोरांनी घर विकलं. तिघी आता दुकानातूनच पाव आणत होत्या. त्यांनी इतक्या खाली माना घालून तसं सांगितलं की एर्नालाच कानकोंडं झालं. पाचवी मुलाकडे फिनलंडला गेलेली. सायकल हातात धरून घरी येताना पुलाजवळ एर्ना एकदम थांबली. आईची मूळ काथवट! एर्ना वापरत होती ती तर आर्वेदने लग्नानंतर कोरून दिलेली. आईची काथवट अजून होती. आणि कुठे होती, ते एर्नाइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं, कारण त्याच गोष्टीवरून ती अठरा वर्षं सख्ख्या बहिणीशी धड बोलली नव्हती.

लाइने तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. तरुणपणीच बेट सोडून राजधानीत, टालिनला गेली, तीस वर्षं ट्राम चालवली. आई गेली तेव्हा काथवट लाइनेला दिली आणि एर्नाच्या ओंजळीत नुसता पिठाचा गोळा. जी पाव भाजायची तिला गोळा, आणि जिने दुकानातला कापलेला पाव खाऊन आयुष्य काढलं तिला काथवट! एर्नाने तो घास गिळला. पण पुढे लाइने मुस्तामाए वस्तीतल्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, काथवट तिथे मावेना, म्हणून तिने ती जुन्या शहरातल्या 'तीन पिंपं' नावाच्या खानावळीला देऊन टाकली. तिथे सगळं सहाशे वर्षांपूर्वीसारखं: मेणबत्त्या, मातीचे पेले, लोकरी अंगरखे घातलेले वाढपी. अशांना भिंतीवर टांगायला जुनं लाकूड हवंच असतं. एर्नाला ते कळलं एका पोस्टकार्डावरून. कार्डावर हसणारे पाहुणे, त्यांच्या डोक्यावर भिंतीला तिची आई.

तेव्हापासून लाइने दर वाढदिवसाला फोन करायची आणि शेवटी म्हणायची, "ये गं एकदा. तिच्याखाली बसवून जेवू घालते तुला." आणि एर्ना म्हणायची, "काथवटीत डुकरं जेवतात. मी ताटात जेवते."

आता एर्नाने स्वतः फोन लावला.

"एर्ना?" लाइनेचा ट्रामच्या घंटेसारखा आवाज आला. "कोण गेलं?"

"कुणी नाही. तू बोलावतेस ना त्या खानावळीत. येते म्हटलं."

"आजारी आहेस का तू?"

"सत्तरी झाली. तेवढाच आजार."

"येतेस? खरंच येतेस? अगं, मग मी टेबल सांगते, तिच्या बरोब्बर खालचंच सांगते! मधाची बिअर पितेस ना? अगं बाई, एर्ना येतेय!" हे शेवटचं ती कुणाला सांगत होती कोण जाणे, फ्लॅटमध्ये ती एकटीच राहायची. मग म्हणाली, "आभारी आहे हं." लाइने सगळ्यांचे आभार मानायची, ट्राममधून उतरणाऱ्यांचेसुद्धा. शहराची सवय.

एर्नाने फोन ठेवला आणि पर्स भरायला घेतली. आर्वेदचं रंग खरवडायचं पातळ उलथनं, धुतलेला रुमाल, जॅमची झाकणवाली छोटी बाटली. वाळलेलं विरजण लाकडाच्या भेगेत वर्षानुवर्षं झोपून राहतं, हे तिने आईच्या तोंडून ऐकलं होतं. नखाएवढी खपली मिळाली तरी पुरे. लाइनेला यातलं काहीही सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर अठरा वर्षांचा ताठा एका वाक्यात वितळला असता, आणि ताठा काही सुनेने धुतला नव्हता.

बसमध्ये तिचा पाय ठरत नव्हता. फेरीबोटीवर बस चढली तेव्हा ती खाली उतरून कठड्याला धरून उभी राहिली, सप्टेंबरचा वारा तोंडावर घेत. सत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने फक्त एकदा चोरी केली होती, सरकारी शेतावरच्या पाच काकड्या. आज ती पर्समध्ये उलथनं घेऊन राजधानीत चालली होती, आणि खरं सांगायचं तर तिला मजा येत होती.

टालिनच्या जुन्या शहरात, वीरू वेशीपाशी, फुलवाल्यांच्या रांगेजवळ लाइने उभी होती. हातात सात पिवळी फुलं, अंगात ठेवणीतला निळा कोट, आणि केस पार्लरमध्ये जाऊन कुरळे केलेले. त्र्याहत्तराव्या वर्षी, बहिणीसोबत दुपारचं जेवायला जायचं म्हणून. एर्नाला काहीतरी टोचलं. उलथनं नव्हतं ते.

"म्हातारी झालीस," लाइने म्हणाली.

"आणि तू मेंढी," एर्ना केसांकडे बघत म्हणाली. दोघी हसल्या, आणि मग हात कुठे ठेवायचे ते दोघींनाही कळेना, म्हणून फुलं मधे आली.

लाइने दगडी फरशीवरून ट्राम चालवावी तशी निघाली. भाजलेल्या गोड बदामांचा वास, वाटेत आडवे येणारे बोटीवरचे पाहुणे, वर सहाशे वर्षांची लाल कौलं. एर्ना वीस वर्षांनी इथे येत होती. नगरभवनाच्या सुळक्यावर वारा दाखवणारा पत्र्याचा शिपाई, म्हातारा तोमास, तलवार धरून वाऱ्याबरोबर फिरत होता. एर्नाने त्याच्याकडे बघून मनात म्हटलं, तू पहारेकरी ना रे? आज जरा दुसरीकडे बघ.

'तीन पिंपं'मध्ये भर दुपारी अंधार होता आणि अंधारात पन्नासेक मेणबत्त्या. लोकरी टोपीतला एक उंच तरुण कमरेत वाकला. हा खानावळीचा कारभारी, ताम्बेत. "या, लाइनेबाई! आणि या आपल्या बेटावरच्या भगिनी? नगरसभेला आपल्या आगमनाने आनंद झाला." त्याने मातीच्या सुरईतून दोघींच्या हातांवर पाणी ओतलं, खाली तसराळं धरलं. "आभारी आहे," लाइने म्हणाली. टॉवेल दिला, आभारी आहे. मेणबत्ती सरकवली, आभारी आहे.

"हा तुला नावाने कसा ओळखतो?" एर्नाने विचारलं.

"येते अधूनमधून," लाइने म्हणाली आणि घाईघाईने कोटाची बटणं काढू लागली.

एर्नाने मान वर केली. तिथे होती. भिंतीवर, बाकावर उभं राहिलं तर हात पोचेल एवढ्या उंचीवर, पोट पुढे करून टांगलेली. डाव्या कडेला आईच्या मनगटाने घासून झालेला तो खळगासुद्धा तसाच. एर्नाला वाटलं होतं राग येईल. राग आला नाही, लहानपणी आईने शाळेत न्यायला यावं आणि दारात दिसावी, तसं झालं.

जेवण आलं. खारवलेला मासा, जवाची खिचडी, लोणच्यासारखी आंबट कोबी, डुकराचं भाजलेलं मांस, सलगम.

"बटाटे?" एर्ना म्हणाली.

"बटाटे आमच्या काळात अजून इथवर आलेले नाहीत, बाई," ताम्बेत गंभीरपणे म्हणाला. "अजून तीनशे वर्षं थांबावं लागेल."

"तोवर मासा गार होईल," एर्ना म्हणाली, आणि लाइने इतक्या जोरात हसली की शेजारच्या टेबलावरच्या फिनिश मंडळींनी वळून पाहिलं. बारा जण होते, सकाळच्या बोटीने आलेले, दुपारीच लाल झालेले. मधाची बिअर एर्नालाही चढत होती. लाइने ट्रामच्या गोष्टी सांगत होती, एर्ना केर्तुच्या. काथवटीची तेवढी वगळून. हे आपण अठरा वर्षं का केलं नाही, असा प्रश्न मनात आला की ती एक घोट घ्यायची. पावाची टोपली आली, तिने तुकडा मोडून चावला. बरा होता. आईचा नव्हता.

"आलेच मी," लाइने उठली. "पोट माझंही सत्तरीचंच आहे."

बहीण दाराआड गेली, आणि एर्ना बाकावर चढली.

गुडघा कुरकुरला, फिनिश मंडळींनी पेले थांबवले, पण आता माघार नव्हती. उलथनं काढलं. एका हाताने काथवटीची कड धरली आणि तळाच्या भेगेतून पातं फिरवलं. निघालं काय, तर पिवळा चिकट थर. जवसाचं तेल! मेल्यांनी तेल लावून लावून तिची मूर्ती करून टाकली होती. तिने दुसरी भेग खरवडली, मग तिसरी. तेल आणि धूळ. पातं जोरात लागलं, काथवट खुंटीवर दणकन आपटली.

घंटा वाजली. ताम्बेतने खांबावरच्या पितळी घंटेची दोरी ओढली होती.

"सद्गृहस्थहो! नगराच्या खानावळीत चोर सापडला आहे!"

फिनिश मंडळींना हा करमणुकीचाच भाग वाटला. चोवीस हात टेबलावर धडाधड पडू लागले. ताम्बेत जवळ आला, आणि मोठ्या आवाजाच्या आत दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, खाली या हो, पडाल. मालकांनी बघितलं तर माझी धडगत नाही." पुन्हा मोठ्याने: "आरोपी, गुन्हा कबूल?"

एर्ना चार माणसांत तोंड उघडणारी नव्हे. चर्चच्या गाण्यातही ती मागच्या रांगेत ओठ हलवायची. पण आता हातात उलथनं, पायाखाली बाक, आणि सगळ्या खानावळीच्या माना तिच्याकडे.

"चोरी नाही ही," ती म्हणाली. "माझ्या आईची आहे."

"काथवट?"

"काथवट ठेवा तुम्ही. पीठ माझं आहे."

हशा पिकला. मग जे आलं ते एका दमात आलं: सून, सोडा, सौनाची पायरी, एल्वी देवाघरी गेली ती, पाच घरं, आणि शेवटी, "आता हिच्यात नसेल तर कुठेच नाही. आईच्या हातचा पाव संपला. मी गेले की नव्हे, आत्ताच संपला." टेबलावर पडणारे हात केव्हाच थांबले होते. भाषा थोडीशी कळणाऱ्या एका फिनिश बाईने डोळे पुसले आणि बाकीच्यांना सांगायला सुरुवात केली.

आणि दारात लाइने उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणून आलीस होय," ती म्हणाली.

ती येऊन आपल्या जागेवर बसली. कुरळे केस मेणबत्तीत चमकत होते. एर्ना बाकावरून उतरली, ताम्बेतने हात दिला.

"मला वाटलं, मला भेटायला आलीस."

"पीठ मेलं नसतं तर आले नसते," एर्ना म्हणाली. खोटं बोलायला आता जागाच नव्हती. "पण वेशीपाशी तुझे केस बघितले न् माझीच मला लाज वाटली, लाइने. तेव्हाच सांगायला हवं होतं."

लाइनेने पेला उचलला, संपवला, ठेवला. आता ही उठून जाणार, असं एर्नाला वाटलं.

"आणि तिथे काय खरवडत होतीस, मूर्ख?" लाइने म्हणाली. "दर सोमवारी तेल लावतात तिला. सांगून सांगून थकले मी यांना. महिन्यातून एकदा येऊन सूप घेऊन बसते, तिच्याकडे बघत, मला नाही माहीत? पोटात काही उरलेलं नाही तिच्या. पाठीवर बघ. ताम्बेत, उतरव ती."

"लाइनेबाई, पाठीमागची बाजू तर..."

"उतरव म्हटलं ना!"

ताम्बेतने काथवट उतरवून टेबलावर पालथी घातली. तळाच्या मोठ्या भेगेवर हातभर पत्र्याची पट्टी ठोकलेली होती, आणि पत्र्यावर अजून वाचता येत होतं: स्प्रॅट मासे, तेलात.

"म्हणूनच ही बाजू भिंतीकडे," ताम्बेत ओशाळून म्हणाला. "आमच्या काळात डबाबंद मासे नव्हते."

"ही पट्टी कुठून आली?" एर्नाने विचारलं. आयुष्यभर तिने काथवटीचं पोट पाहिलं होतं, पाठ नाही.

"तुझ्यामुळे. कुरणात वसंतातलं पाणी भरलं होतं. मी सहा वर्षांची, तू तीनची. तुला काथवटीत बसवलं न् दिली ढकलून. काय बसली होतीस, जशी स्वीडनची राणी! मग धोंडा आला. काथवट फुटली, तू वाहत चाललीस, आणि मी गळ्यापर्यंत पाण्यात. बाबांनी माशाचा डबा कापून पट्टी मारली. मला बर्चच्या फोकाचे फटके, तुला गरम दूध."

"मला काय आठवणार त्यातलं?"

"नाहीच आठवणार. पण आईला आठवत होतं. जाताना मला म्हणाली, तू फोडलीस, तू सांभाळ. आणि ती वाहून चालली होती, तिला पाव दे." लाइनेचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "मला काय वाटायचं, सांगू? वाटायचं, तुला आईने जिवंत गोष्ट दिली न् मला लाकूड. शिक्षा म्हणून. सांभाळता आली नाही मला. पाचव्या मजल्यावर दारामागे उभी होती नुसती. इथे निदान उजेडात आहे, निदान तिच्याखाली चार माणसं जेवतात, असं वाटलं."

"आणि मला वाटायचं, तिला तू लाडकी, म्हणून काथवट तुला," एर्ना म्हणाली.

अठरा वर्षं! एका बटबटीत पोस्टकार्डापायी. एर्नाला बहिणीचा नाही, स्वतःचा असा काही राग आला की तिने टेबलावर मूठच आपटली, आणि फिनिश मंडळींनी समजून उमजून त्यांच्याही आपटल्या.

ताम्बेतने कमरेची सुरी काढली. खिळे गंजलेले होते, एकेक करकरत निघाला. फिनिश बाईने मेणबत्ती धरली, तिच्या नवऱ्याने पट्टीचं टोक धरलं, एर्नाने खाली रुमाल पसरला. पत्रा उचलला गेला, आणि भेगेतून झिरपून पत्र्याखाली साठलेलं पीठ दिसलं. तपकिरी, दगडासारखं घट्ट, पत्र्याच्या गंजाने कडेला लालसर. तेल तिथवर पोचलंच नव्हतं. आतल्या बाजूची एक खपली एर्नाने जिभेवर ठेवली. काहीच नाही. मग हळूहळू, खूप लांबून, आंबट.

तिने नुसती मान हलवली. पण एवढ्यावर अख्खी खानावळ ओरडली.

उलथनं लाइनेने तिच्या हातातून घेतलं. "दे इकडे. मोडशील सगळं." आणि ट्राम चालवणाऱ्या त्या मजबूत हातांनी तिने भेगेतून खपल्या अशा अलगद काढल्या, की एकही मोडली नाही. बाटली निम्मी भरली.

ताम्बेतला एकदम आपलं पद आठवलं. त्याने घंटा वाजवली. "नगरसभेचा निवाडा! आरोपीने पहिला पाव याच टेबलावर आणून द्यावा. आणि..." त्याने काथवटीकडे पाहिलं. "बाई, ही परत हवीय का तुम्हाला? मालकांशी मी बोलतो."

एर्नाने लाइनेकडे पाहिलं. "नको. ती उतरली तर ही दर महिन्याला कुणाकडे बघत सूप पिणार?"

घरी आल्यावर खपल्या कोमट पाण्यात भिजल्या, पीठ पडलं, फडकं पडलं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी तर वासही वाईट आला, आणि आर्वेद शहाण्यासारखा मासे पकडायला गेला. पाचव्या दिवशी सकाळी केर्तु अनवाणी धावत आली, "एर्ना! एर्ना, ते श्वास घेतंय!" तिला तिकडे बघायची मनाई होती, पण बघत होती. मधोमध एक बुडबुडा आला होता. एर्ना बघत असतानाच तो फुटला आणि बाजूला दुसरा आला. सासू-सुना स्वयंपाकघरात एकमेकींना धरून नाचल्या, आणि बेटावर असलं कुणी करत नाही.

पहिल्या पावांतला एक ताम्बेतच्या टेबलासाठी बाजूला काढला. विरजणाचे तीन भाग केले. एक काथवटीच्या तळाशी गेला. दुसरा तिने केर्तुच्या हातात ठेवला. केर्तुचे डोळे भरले, "आभा..." एवढं तोंडातून निघतंय तोच एर्नाने पिठाळलेला हात तिच्या तोंडावर दाबला.

"गप! एक अक्षर बोललीस तर बघ. मारायचंय का त्याला पुन्हा?"

तिसरा भाग बाटलीत घालून, ताम्बेतच्या पावाबरोबर, तिने टालिनच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिला. बेटावरून शहरात असंच काही पाठवतात, तिकडे कुणीतरी स्टँडवर येऊन उभं राहतं. पाचव्या मजल्यावर, वीतभर ओट्याच्या स्वयंपाकघरात लाइने त्याचं काय करणार, हे एर्नाला माहीत नव्हतं. तिला धाकधूक होती ती वेगळीच. पन्नास वर्षं शहरात काढलेली बाई. ट्राममधून उतरणाऱ्यांचेही आभार मानणारी.

संध्याकाळी फोन वाजला.

"पोचली बाटली," लाइने म्हणाली.

"बरं," एर्ना म्हणाली, आणि तिने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

पलीकडे शांतता. श्वास ऐकू येत होता. लाइनेने काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि ते तोंडातच धरून ठेवलं. मग तिचा श्वासही जड झाला, नाक ओढल्याचा आवाज आला, पण शब्द म्हणून आला नाही. एक मिनिटभर तरी दोघी तशाच उभ्या होत्या. मग लाइनेने, जन्मात पहिल्यांदा, काहीही न बोलता फोन ठेवला.

एर्नाने डोळे पुसले आणि आर्वेदकडे वळली.

"लाइनेचा पाव फुगणार," ती म्हणाली.